कृष्णाकाठची परसबाग आणि तिचे पाहुणे

मिरज सोडून कोल्हापूरकडे निघालेली गाडी कृष्णेचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात जयसिंगपूर येते. मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्याच्या कडेला राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसवली. गाव आखून बांधलेले असल्यामुळे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. परगावच्या माणसाला पत्ता शोधण्यास इतके सोपे दुसरे गाव या भागात नाही. जुन्या घरांची मांडणीही ठरलेली असे. पुढे दुकान किंवा पेढी, मध्ये राहते घर, मागे आड आणि परस. दुकान रस्त्यावरून दिसते, परस मात्र घरोबा असल्याशिवाय दिसत नाही.

२००१ ते २००४ ही तीन वर्षे मी येथील एका बँक शाखेत अधिकारी होतो. निवृत्तीनंतर दरवर्षी दिवाळी उलटली की आठवडाभर या गावी येऊन राहण्याचा माझा परिपाठ आहे. ज्यांच्याकडे उतरतो ते घराणे तीन पिढ्यांचे व्यापारी. आजोबांची भुसारी अडत होती, मुलाचे खते-बियाण्यांचे दुकान आहे आणि नातू कृषी पदवीधर होऊन त्याच दुकानात बसतो. घरच्या आक्कांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्या मला अजूनही ‘साहेब’ म्हणतात आणि मी त्यांना आक्का म्हणतो. यंदा या आठवड्यात मी गावापेक्षा आक्कांचे परसच अधिक पाहिले. शहरातील गच्चीबागांचा विषय आपल्या घराघरांत हल्ली निघतो आणि त्याबरोबर किडींचाही निघतो. म्हणून हे टिपण.

परस फार मोठे नाही. लांबी चाळीस पावले, रुंदी पंधरा. माती काळी आणि चिकण. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांच्या आठवणी या भागातील प्रत्येक घराच्या भिंतीवर रेघांनी लिहिलेल्या आहेत. आक्कांचे घर उंचावर असल्याने वाचले. आडाजवळ कागदी लिंबू, त्यापलीकडे पेरू, कढीपत्ता, शेवगा, दोन प्रकारच्या जास्वंदी, तगर, गावठी गुलाब, मोगरा, शेवंती आणि कुंपणाला कण्हेर. एका कोपऱ्यात वाफे करून मेथी, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो. सकाळी पूजेची फुले येथूनच निघतात आणि दुपारची भाजीही बहुधा येथूनच.

या परसात गेल्या पन्नास वर्षांत रासायनिक कीटकनाशकाचा एक थेंबही पडलेला नाही. घरात दुकान कीटकनाशकांचे आणि मागे परस असे, हा विरोधाभास प्रथमदर्शनीच डोळ्यांत भरतो. आक्कांना तो ठाऊक आहे आणि त्या तो लपवीत नाहीत.

आपल्या श्रावकाचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवताना, घर झाडताना, शेती अथवा व्यापार करताना गृहस्थाकडून काही हिंसा घडते. ती त्याने यत्नपूर्वक कमी करावी. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा मात्र त्याने सर्वथा टाळावी, अशी ही मांडणी आहे. शेतकऱ्याच्या फवारणीचा विचार उद्योगी किंवा विरोधी या सदराखाली करता येतो, कारण त्याचे पोट त्या पिकावर असते. परसातल्या गुलाबाचे काय? मी हा प्रश्न विचारला तेव्हा आक्का म्हणाल्या, “गुलाब काय पोटाला लागत नाही, साहेब. हौसेपायी जीव घ्यायचा, तर ते कुठल्या खात्यावर लिहायचं?”

उभा जन्म खातेवह्यांत गेलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर चटकन सुचले नाही.

त्यांची सारी पद्धत स्वयंपाकघरातून परसात आली आहे. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावणे, गव्हात कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालणे, कडधान्याला चैत्र-वैशाखात कडक ऊन देणे, पीठ लागेल तेवढेच दळून आणणे, हे आपल्या घरांत कोणाला शिकवावे लागत नाही. या सर्वांमागे एकच विचार आहे. धान्यात जीव पडल्यावर निवडीत बसण्यापेक्षा जीव पडणारच नाही अशी व्यवस्था आधी करावी. बागेतही बहुतेक किडींना आपण स्वतःच आमंत्रण देत असतो, असे आक्कांचे म्हणणे आहे, आणि शास्त्र त्यांच्या बाजूने आहे.

मुख्य आमंत्रण असते अति खताचे. नत्रयुक्त खत, मग ते युरिया असो की ताजे शेणखत, प्रमाणाबाहेर पडले की झाडाला लुसलुशीत कोवळी पालवी फुटते. रस शोषणाऱ्या मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना अशी पालवी फार मानवते. शहरातील हौशी मंडळी दर पंधरा दिवसांनी कुंडीत काहीतरी ‘टॉनिक’ ओततात आणि महिन्याभरात मावा आला म्हणून औषध विचारत फिरतात. आक्का वर्षातून दोनदा कुजलेले शेणखत घालतात, त्यापलीकडे फक्त पाला-पाचोळ्याचे आच्छादन. दुसरे आमंत्रण दाटीचे. कुंडीला कुंडी चिकटलेली असेल, वारा आणि ऊन खेळत नसेल, तर पिठ्या ढेकूण आणि खवले कीड एका झाडावरून दुसऱ्यावर सहज पसरते. पावसाळा संपताच जास्वंदीची आतली गर्दी छाटली जाते ती यासाठी.

तिसरे आमंत्रण खाली पडलेल्या फळांचे. पेरूत अळी सापडते म्हणून आपल्याकडील कित्येक कुटुंबे पावसाळी पेरू घरात आणीत नाहीत. ही अळी फळमाशीची. मादी पिकत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गरात वाढतात, फळ गळून पडते, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि तेथून नवी माशी निघते. हे चक्र तोडायला विष लागत नाही. फळ लिंबाएवढे झाले की आक्का त्याला जुन्या मलमलीची किंवा कागदाची पिशवी बांधतात. माशीला साल सापडत नाही, अंडी घातली जात नाहीत, आणि जे जन्मलेच नाही त्याच्या मरणाचा प्रश्न उरत नाही. बाजारात फळमाशीसाठी गंधाचे सापळे मिळतात आणि शेतकऱ्याला ते उपयोगी आहेत. पण त्यांत नर माश्या येऊन मरतात. घरच्या एका झाडाला पिशव्या बांधण्याचे श्रम होत असताना सापळा कशाला, हा त्यांचा सवाल मला रास्त वाटतो.

थंडीच्या सुरुवातीला परसात येणारा मुख्य पाहुणा म्हणजे मावा. गुलाबाच्या कळीच्या देठाला, शेवंतीच्या शेंड्याला हे बारीक हिरवे-काळे जीव दाटीवाटीने चिकटलेले दिसतात. मावा इतक्या वेगाने का वाढतो ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात त्याच्या माद्या नराशिवायच प्रजनन करतात आणि अंडी न घालता थेट पिलांना जन्म देतात. ही पिले सुमारे आठवडाभरात स्वतः जन्म देऊ लागतात. चक्रवाढ व्याजाचे इतके शुद्ध उदाहरण निसर्गात दुसरे मला ठाऊक नाही. म्हणूनच मुद्दल थोडे असताना लक्ष घालावे लागते. आक्का रोज सकाळी फुले काढताना प्रत्येक शेंडा उलटा करून पाहतात. पाच-दहा दिसले तर बोटाने किंवा मऊ कुंचल्याने कण्हेरीपलीकडच्या रानगवतावर सोडतात. शेंडा भरलेलाच असेल तर तेवढा तुकडा कात्रीने काढून तिकडेच नेऊन टाकतात. साध्या पाण्याची जोरकस धार हाही उपाय आहे, कारण खाली पडलेला मावा बहुधा पुन्हा झाडावर चढू शकत नाही. त्यातले काही मरत असतील हे आक्कांना मान्य आहे आणि म्हणून त्या धारेपेक्षा कुंचला पसंत करतात. शंभर कुंड्यांच्या गच्चीवर कुंचला पुरणार नाही, हेही खरे.

पण माव्याचे खरे मर्म मुंगीत आहे. मावा झाडाचा गोड रस गरजेपेक्षा अधिक शोषतो आणि उरलेला मधासारखा चिकट थेंब बाहेर टाकतो. मुंग्या त्या थेंबासाठी माव्याची राखण करतात. माव्यावर येणाऱ्या शत्रूंना हुसकावून लावतात. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाचेही त्या असेच रक्षण करतात. तेव्हा मुंगीची वाट अडवली की राखणदार जातो आणि बाकीचे काम निसर्ग करतो. आक्का कुंडीखाली पाण्याची पसरट ताटली ठेवतात आणि मधोमध विटेचा तुकडा ठेवून त्यावर कुंडी. पाणी दर दोन दिवसांनी बदलले जाते, नाहीतर डासांची पैदास व्हायची. जमिनीतल्या झाडाच्या बुंध्याभोवती राखेचे किंवा हळदीचे कडे असते. पाऊस पडला की ते पुन्हा घालावे लागते. झाडाची फांदी भिंतीला किंवा वाळत घालायच्या दोरीला टेकलेली असेल तर हा सारा बंदोबस्त फुकट जातो. मुंग्या तेवढा पूल पुरेसा मानतात. यात मुंगी मरत नाही, तिची फेरी तेवढी चुकते.

लिंबाच्या झाडावरचा प्रकार निराळा आहे. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी असते. वाढली की ती पानासारखी हिरवीगार होते आणि डिवचले की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. ही लिंबावरील फुलपाखराची अळी. लहान रोप असेल तर चार-पाच अळ्या ते पूर्ण उघडे करू शकतात. लिंबू, कढीपत्ता, बेल ही सारी एकाच कुळातली झाडे तिला चालतात. आक्कांनी आडामागे कढीपत्त्याचे एक झाड मुद्दाम सोडून दिले आहे. त्याची पाने घरात वापरत नाहीत. लिंबावर दिसलेली अळी पानासकट उचलून त्या झाडावर ठेवली जाते. “तो त्यांचा वाटा,” असे त्या म्हणतात. त्या झाडाची मला मोजता आली तेवढी पाने मी मोजली; निम्म्याहून अधिक कुरतडलेली होती आणि फांदीला दोन कोष रेशमी दोरीने बांधल्यासारखे लटकत होते. झाड मात्र जिवंत आणि जोमदार होते.

याच धर्तीवर कुंपणाबाहेर एक रुईचे झुडूप राखलेले आहे. त्यावर वर्षातले कितीतरी महिने पिवळाधमक मावा असतो. पाहणाऱ्याला वाटते की हा रोग घरात येणार. परंतु रुई आणि कण्हेरीच्या कुळावर जगणारा हा मावा गुलाबावर वा शेवंतीवर जात नाही. त्याच्या आशेने ढालकिडे मात्र येतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला हा गोंडस भुंगा सर्वांना आवडतो, पण त्याची अळी कोणी ओळखत नाही. काळपट, काटेरी, इवल्याशा सुसरीसारखी दिसणारी ती अळी हीच नवी कीड समजून पुष्कळ लोक मारतात. ती माव्यावरच जगते. हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपा आणि हवेत एका जागी तरंगणारी सिरफिड माशी यांच्या अळ्यांचाही आहार तोच. या दोघांच्या प्रौढांना परागकण आणि मध लागतो, म्हणून कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची चार झाडे फुलावर जाऊ द्यावीत. आपण कोथिंबीर फुलण्याआधीच उपटतो आणि आपल्या मदतनिसांचे अन्नछत्र बंद करतो.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि मी तो आक्कांपुढे ठेवला. ढालकिडा यावा म्हणून रुई राखायची, पक्ष्यांनी अळ्या टिपाव्यात म्हणून पाण्याचे परळ ठेवायचे, तर ही दुसऱ्याच्या हातून करवलेली हिंसा नव्हे काय? आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असा विचार आहेच. आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “परळ मी चिमण्यांसाठी ठेवते, तहानेसाठी. त्या काय खातात ते मी त्यांना सांगायला जात नाही.” हे उत्तर पाण्याच्या परळाला लागू पडते, रुईला पूर्ण लागू पडत नाही, असे मला वाटते. त्यांनाही बहुधा तसे वाटत असावे, कारण संध्याकाळी त्यांनी तो विषय स्वतःहून पुन्हा काढला आणि म्हणाल्या की रुई मूळची आपोआप आलेली आहे, आपण फक्त उपटली नाही. या दोन गोष्टींत अंतर किती, हे वाचकांनीच ठरवावे.

कडुनिंबाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण ‘नैसर्गिक’ म्हटले की सर्वांच्या तोंडी तेच नाव येते. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य बहुतेक किडींना तत्काळ मारीत नाही. त्याच्या चवीने आणि वासाने कीड पान खाणे सोडते, मादी अंडी घालायचे टाळते. अळीने खाल्लेच तर तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सारे उजाड झाले असता कडुनिंब तेवढा हिरवा राहिल्याचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटेरर यांनी पाहिले. १९६२ साली दिल्लीत डॉ. प्रधान यांनी निंबोळीचे पाणी फवारलेल्या पिकाकडे टोळ पाठ फिरवतात हे प्रयोगाने दाखवले. आपल्या आज्यांनी धान्यात पाला घातला तेव्हा त्यांना याची गरज भासली नव्हती. पुढे कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर युरोपात पेटंट दिले गेले. भारतातून हरकत घेतल्यावर ते २००० साली रद्द झाले आणि त्यावरील अपील २००५ साली फेटाळले गेले. व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवावी अशी ही कथा आहे. जे ज्ञान सर्वांचे म्हणून कोणी नोंदवले नाही, त्यावर परक्याने हक्क सांगितला होता.

घरी अर्क करायचा तर निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात वेचून सावलीत वाळवाव्यात. ५० ग्रॅम निंबोळी भरड कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, दुसऱ्या दिवशी फडक्यातून पिळून गाळावी आणि एकूण पाणी १ लिटर करावे. त्यात चमच्याच्या टोकावर मावेल इतका साधा साबण विरघळवावा म्हणजे द्रावण पानाला धरून राहते. फवारणी सूर्य कलल्यावर करावी; उन्हात यातील गुण लवकर नाहीसे होतात. अर्क त्याच दिवशी वापरून संपवावा. तयार निंबोळी तेल असेल तर लिटरला ५ मिलि पुरे. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस पाहावे, कोवळी पाने कधी कधी करपतात. आक्का हा अर्क किडी येण्याच्या आधी, नव्या पालवीवर फवारतात. आलेल्या किडीवर फवारला तर अळीची कात अडकून ती मरू शकते, हे नातवाने त्यांना समजावून सांगितल्यापासूनची ही पद्धत आहे. कडुनिंब म्हणजे पूर्ण अहिंसा, असे समजणे बरोबर नाही.

आणि तंबाखूचे पाणी तर नव्हेच. निपाणीचा तंबाखूपट्टा येथून फार दूर नाही. या भागातील जुने माळी तंबाखूच्या भुकटीचा काढा सर्रास फवारीत. त्यातील निकोटीन वनस्पतीतलेच असले तरी ते मज्जासंस्थेवर आघात करणारे तीव्र विष आहे. मावा मरतो तसा ढालकिडाही मरतो, मधमाशीही मरते, आणि काढा हातावर सांडला तर माणसालाही त्रास होतो. हल्ली पुष्कळ लेखांत लसूण-मिरचीच्या बरोबरीने तंबाखूचा काढा ‘घरगुती उपाय’ म्हणून सुचवलेला दिसतो. लहान मुले ज्या गच्चीवर खेळतात तेथे तो नसावा.

एक दिवस आम्ही सांगलीजवळच्या हरिपूरला गेलो. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे, तोंड अरुंद आणि पोट मोठे. आत हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकायचे. माल वर्षानुवर्षे राहतो आणि त्याला कीड लागत नाही. आतला प्राणवायू संपत जातो म्हणून तेथे जीव वाढत नाही. याच कारणाने पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही, बराच वेळ वारा लागू देतात. २००५ च्या पुरात या पेवांत पाणी शिरून फार मोठे नुकसान झाले आणि पुष्कळ व्यापाऱ्यांनी गोदामांची वाट धरली. गोदामात कीड लागते, मग धुरी द्यावी लागते. औषधाचा एक कणही न वापरता केवळ बांधणीच्या शहाणपणावर माल टिकवणारी ही व्यवस्था एका पुराने मागे पडली, याची मला परतताना वाटेत खंत वाटत राहिली.

त्याच वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि त्यामुळे २००२ सालची आठवण निघाली. त्या वर्षी जुलैत सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता सारे कृष्णाखोरे त्याने व्यापले. पानांच्या खालच्या बाजूला कापूस पिंजून चिकटवल्यासारखे पांढरे थर. त्यांतून गळणाऱ्या चिकट रसावर काळी बुरशी वाढून खालची पाने काजळी धरल्यासारखी होत. पीककर्जाच्या पाहणीसाठी मी शेतांवर जाई तेव्हा अंगावरचा सदरा पांढरा होऊन परत येत असे. माणसे हवालदिल झाली होती. ज्याला मिळेल ते औषध तो फवारीत होता. उंच वाढलेल्या उसात फवारणारा माणूस स्वतःच न्हाऊन निघे आणि मावा पंधरा दिवसांत पुन्हा हजर होई. कर्जाच्या रकमेत औषधाची भर पडत होती आणि माझ्या टेबलावर मुदतवाढीचे अर्ज साठत होते.

मग हळूहळू दिसू लागले की काही शेतांत मावा आपोआप ओसरतो आहे. त्या पांढऱ्या थरांत डिफा नावाच्या पतंगाची अळी जाळे विणून राहत होती आणि मावा फस्त करीत होती. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा तपकिरी जाळीदार पंखांचा कीटक होता. ज्यांनी फवारणी थांबवली त्यांच्या शेतांत हे दोघे वाढले, ज्यांनी चालू ठेवली त्यांच्या शेतांत माव्याआधी हेच मेले. कृषी विद्यापीठांचा आणि साखर कारखान्यांचा सल्लाही तोच आला: मित्रकीटक दिसल्यास फवारू नका. शेडनेटमध्ये माव्याचा ऊस राखून त्यावर डिफा वाढवली गेली. शेतकरी एका शिवारातली डिफाची पाने तोडून दुसऱ्या शिवारात नेऊन उसाला बांधू लागले. नंतर ईशान्य भारतातून एन्कार्सिया नावाची सूक्ष्म गांधीलमाशीही आणली गेली. दोन-तीन हंगामांत तो कहर आटोक्यात आला. थकलेल्या कर्जांच्या यादीतून ज्यांची नावे आधी कमी झाली, त्यांत न फवारणारे बरेच होते. हा माझ्या शाखेपुरता अनुभव आहे, त्याहून मोठा दावा मी करीत नाही.

आक्कांच्या मुलाचे दुकान त्या दोन वर्षांत कधी नव्हे इतके चालले. ही गोष्ट आक्कांनीच मला सांगितली. त्यांच्या मनात ती वीस वर्षे आहे. श्रावकाला निषिद्ध सांगितलेल्या व्यवसायांच्या यादीत विषवाणिज्य आहे, हे त्यांना कोणी शिकवायला नको. मुलाची बाजूही तितकीच खरी आहे. तो म्हणतो, “मी दुकान बंद केलं तर शेतकरी फवारायचं थांबणार आहे का? तो पुढच्या गल्लीत जाईल. मी निदान हातमोजे घाल, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करू नकोस, एवढं तरी सांगतो.” २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचे प्राण गेले, त्यानंतर हे सांगणे किती मोलाचे आहे ते निराळे लिहायला नको. या धंद्यातील आपली पुष्कळ कुटुंबे याच दोन वाक्यांच्या मध्ये उभी आहेत.

नातवाने यातून आपल्यापुरती वाट काढायला सुरुवात केली आहे. औषधाच्या प्रत्येक डब्यावर विषाच्या तीव्रतेचा रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. बागेसाठी औषध मागायला येणाऱ्या गृहिणीला तो लाल आणि पिवळा डबा देत नाही. निंबोळी अर्काची पुडी देतो आणि कुंडीखाली ताटली ठेवायला सांगतो. पुड्यांत नफा नगण्य आहे. कोबीच्या शेतकऱ्याला तो पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायला सांगतो, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे ओढला जातो. उसाच्या खोडकिडीसाठी त्याने ट्रायकोकार्ड ठेवली आहेत. या कार्डावर एका पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांत ट्रायकोग्रामा ही परोपजीवी माशी वाढत असते. आक्कांना ती पसंत नाहीत, कारण ती करताना हजारो अंडी मुद्दाम वापरली जातात; चिकट पिवळे सापळेही त्यांना नकोत, कारण त्यांवर जीव तडफडत मरतो. त्यांच्या परसापुरते त्यांचे बरोबर आहे. पण दोन एकर उसाच्या मालकापुढे एका हातात ट्रायकोकार्ड आणि दुसऱ्या हातात जहाल दाणेदार औषध असेल, तर त्याने कार्ड घ्यावे असेच मी म्हणेन. आक्का यावर काही बोलल्या नाहीत.

मी निघण्याच्या आदल्या रात्री जेवणे लवकर, दिवस असतानाच, आटोपली होती. परसातला दिवा बंद होता. उजेडाने पतंग येतात आणि तेथेच अंडी घालतात, म्हणून तो गरजेपुरताच लागतो. ओसरीवर बाप-लेक रब्बीच्या मालाची यादी करीत बसले होते. नातवाने लाल त्रिकोणाची तीन नावे खोडली. मुलाने त्यांतले एक पुन्हा लिहिले, कारण त्या मालाची जुनी उधारी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे अडकली आहे आणि माल न दिल्यास ती बुडण्याची भीती आहे. बरीच बोलाचाली झाली. शेवटी ते नाव खोडलेलेच राहिले आणि उधारीचे काय ते मार्चअखेर पाहू, असे ठरले.

आक्का आत निंबोळ्या निवडीत होत्या. त्यांनी मला परतीच्या वाटेसाठी दोन किलोंची पिशवी बांधून दिली आणि सांगितले की डब्यात बंद करू नका, बुरशी येईल. सुती पिशवीतच टांगून ठेवा.